युद्धसामग्री उचलणारी यारी

युद्धांचा इतिहास वाचताना सेनापतींची नावे, व्यूहरचना आणि रणांगणावरील पराक्रम यांचीच वर्णने बहुधा वाचकांच्या नजरेस येतात. ज्या तोफांच्या भडिमाराने किल्ल्याचा बुरूज ढासळला त्या तोफा जहाजातून धक्क्यावर कोणी उतरविल्या, आणि हजारो मण दारूगोळा कोणाच्या खांद्यावरून छावणीपर्यंत पोहोचला, याचा उल्लेख एखाद्या ओळीत आला तरी पुष्कळ. वस्तुतः कित्येक मोहिमांचा निकाल रणांगणावर लागण्यापूर्वी बंदराच्या धक्क्यावरच लागलेला असतो. सामान आले आहे, जहाज उभे आहे, सैन्य वाट पाहत आहे; पण जहाजाच्या पोटातला बोजा बाहेर निघत नाही. येथेच घोडे पेंड खाते!

हा बोजा उचलणाऱ्या यंत्राला इंग्रजीत क्रेन आणि मराठीत यारी म्हणतात. आज ही यारी संगणकाच्या आज्ञेने चालू लागली असून, काही बंदरांत तिच्याजवळ माणूस दिसतही नाही. परंतु या स्थितीला येईपर्यंत तिला तीन प्रश्नांना सामोरे जावे लागले. पहिला बळाचा, दुसरा तोलाचा आणि तिसरा विवेकाचा. पहिल्या दोहोंची उत्तरे विज्ञानाने कशी दिली आणि तिसऱ्याचे काय झाले, हे पाहिले असता या यंत्राचे खरे मोल व त्याची खरी मर्यादा या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात.

प्रथम बळाचा प्रश्न घेऊ. कप्पी, दोर, तरफ आणि रहाट ही साधने मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. परंतु ही साधने बळ निर्माण करीत नाहीत. असलेल्या बळाचा फक्त सोयीस्कर उपयोग करून देतात. बोजा जितका सहज उचलावा तितका दोर अधिक लांब ओढावा लागतो, आणि तो ओढणारा अखेर मनुष्य अथवा बैल हाच असतो. बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्क बंदरात १४४२ ते १४४४ या काळात पुन्हा बांधलेली एक प्रचंड लाकडी यारी प्रसिद्ध आहे. दोन विटांच्या बुरुजांमध्ये बसविलेल्या या यारीच्या पोटात पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठी लाकडी चाके होती. मजूर त्या चाकांच्या आत शिरत आणि पायऱ्या चढाव्या त्याप्रमाणे चालत राहत. चाक फिरे, दोर गुंडाळला जाई आणि सुमारे चार टनांचा बोजा अकरा मीटर उंच जाई. मजूर मात्र दिवसभर चालूनही जागच्या जागीच असे! १९४५ साली युद्धाच्या आगीत ही यारी जळाली व पुढे ती पुन्हा उभारण्यात आली. आज प्रवासी तिच्याकडे कौतुकाने पाहतात. परंतु त्या चाकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या पायांची कल्पना केली, म्हणजे या कौतुकाला थोडी उदासीनतेची किनार आल्यावाचून राहत नाही.

या स्थितीत खरा पालट घडवून आणला तो एका वकिलाने, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग याचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरी १८१० साली झाला. वडील धान्याचे व्यापारी. त्यांच्या इच्छेस मान देऊन मुलाने कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीही चालविली. परंतु त्याचे मन कज्जेदलालीत न रमता यंत्रांत रमे. १८३५ च्या सुमारास तो मासे पकडण्यासाठी डोंगराळ मुलुखात गेला असता एका खाणीवरील पाणचक्की त्याच्या दृष्टीस पडली. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याच्या अंगी केवढे तरी सामर्थ्य आहे आणि चक्की त्यातला किती थोडा अंश उपयोगात आणते, हा विचार त्याच्या मनात जो शिरला तो कायमचा. पुढे १८४५ साली न्यूकॅसल शहराला दूरच्या तलावातून नळाने पाणी आणण्याची योजना निघाली, तेव्हा आर्मस्ट्राँगने सुचविले की, शहराच्या सखल भागात या पाण्याला जो जादा दाब मिळतो तो वाया न दवडता धक्क्यावरील एका यारीला जोडून पाहावा. १८४६ साली प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. दुसऱ्याच वर्षी आर्मस्ट्राँगने वकिलीला रामराम ठोकला आणि टाईन नदीच्या काठी एल्स्विक येथे आपला कारखाना काढला.

या यारीची रचना समजण्यास कठीण नाही. दाबाचे पाणी एका जाड नळकांड्यात सोडीत. त्यामुळे आतला दट्ट्या पुढे सरके. दट्ट्याच्या टोकाला कप्प्या बसविलेल्या असून त्यांवरून साखळी अनेक वेळा फिरवून नेलेली असे. म्हणून दट्ट्या एक हात सरकला की यारीचा आकडा कित्येक हात वर चढे. बोजा उचलणे, खाली सोडणे आणि यारीची मान डावी-उजवीकडे वळविणे ही सर्व कामे एक मनुष्य नळाच्या दोनतीन मुठी फिरवून करी. न्यूकॅसलच्या यारीवरील चालक या कामात इतका तरबेज झाला होता की, लोकांनी त्याचे नावच ‘हायड्रॉलिक जॅक’ असे ठेवले. लिव्हरपूलच्या गोद्यांचे मुख्य अभियंता जेसी हार्टली यांचा प्रथम या यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः येऊन जॅकचे कसब पाहिले, आणि त्यांचे मत तत्काळ पालटले, असे सांगतात.

प्रत्येक बंदराजवळ डोंगर असतो असे नाही. पाण्याला दाब आणावयाचा तर उंच टाकी हवी. ग्रिम्स्बी बंदरात त्यासाठी १८५२ साली ३०९ फूट उंचीचा मनोराच बांधावा लागला. हा खर्च टाळण्यासाठी आर्मस्ट्राँगने एक सोपी युक्ती काढली. उभ्या नळकांड्यातील दट्ट्याच्या माथ्यावर दगड व लोखंड यांनी भरलेली शेकडो मणांची पेटी ठेवावयाची. वाफेचा पंप पाणी आत ढकलतो आणि पेटी हळूहळू वर चढते. याऱ्या पाणी घेऊ लागल्या की पेटी खाली येते आणि दाब कायम राखते. अशा रीतीने प्रत्येक चौरस इंचावर सुमारे ६०० पौंडांचा दाब मिळू लागला. बळ साठवून ठेवावे आणि हवे तेव्हा खर्चावे, हे धन्याला पेवात घातलेल्या धान्याबाबत साधते, तेच आता बोजा उचलण्याच्या कामात साधले.

येथपर्यंतची हकीकत व्यापाराची झाली. तिचा युद्धाशी संबंध आला तो १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धात. इंग्रज सैन्याने सेवास्तोपोलला वेढा दिला होता आणि त्याचे सारे सामान बालाक्लावा या चिंचोळ्या बंदरात उतरत होते. बंदर ते छावणी हे अंतर उणेपुरे सहासात मैल. परंतु धक्का अपुरा, बोजा हलविण्याची साधने तोकडी आणि हिवाळ्यात रस्ता चिखलाने बुजलेला, यामुळे बंदरात सामान कुजत पडले आणि सहा मैलांवर शिपाई थंडीने व उपासमारीने मरू लागले. त्यातच १४ नोव्हेंबर रोजी भयंकर वादळ होऊन हिवाळी कपडे घेऊन आलेले जहाज बुडाले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसाच प्रकार झाला. अखेर १८५५ साली बंदरापासून छावणीपर्यंत आगगाडीचा लोहमार्ग घालावा लागला, तेव्हा कोठे तोफगोळे वर चढू लागले.

याच युद्धात ५ नोव्हेंबर १८५४ रोजी इंकरमनची लढाई झाली. तीत दोन अठरा पौंडी तोफा ऐन वेळी रणांगणावर आणल्याने इंग्रजांची बाजू सावरली. परंतु दोन टनांच्या सुमारास वजनाच्या या तोफा माणसांनी ओढून चढावर नेताना जे हाल झाले, त्यांची वार्ता आर्मस्ट्राँगच्या वाचनात आली. बोजा उचलण्याचा विचार रात्रंदिवस करणाऱ्या या मनुष्याने प्रश्न उलटा करून पाहिला. बोजा उचलण्याचे सामर्थ्य वाढविता येत नसेल, तर बोजाच हलका का करू नये? घडीव लोखंडाच्या पट्ट्यांची वेटोळी घालून त्याने १८५५ साली नवी तोफ तयार केली. ती वजनाने हलकी, मागून भरावयाची आणि आतून पेचदार आट्यांची होती. १८५९ साली तिचे हक्क त्याने सरकारला देऊन टाकले आणि सरकारने त्याला ‘सर’ ही पदवी दिली.

परंतु दैवाचा खेळ असा विलक्षण की, तोफ हलकी करावयास निघालेल्या याच कारखान्यातून पुढे जगातील सर्वांत अवजड तोफा बाहेर पडू लागल्या. युद्धनौकांची चिलखते जाड झाली म्हणून तोफा मोठ्या झाल्या, आणि तोफा मोठ्या झाल्या म्हणून चिलखते आणखी जाड झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात एल्स्विकच्या कारखान्याने दोन्ही पक्षांना तोफा विकल्या. इटलीच्या आरमाराने तर शंभर टनी तोफा मागविल्या. ज्या तोफेचे एकटीचे वजन पंचवीस हत्तींच्या बरोबरीचे, ती कारखान्यातून जहाजावर चढवावयाची कशी? त्यासाठी नदीवरचा पूलसुद्धा नवा बांधावा लागला. टाईन नदीवरील हा फिरता पूल आर्मस्ट्राँगच्याच कारखान्याने बांधला असून तो पाण्याच्या दाबावर वळे. १७ जुलै १८७६ रोजी त्यातून प्रथम गेलेले जहाज म्हणजे इटलीचे ‘युरोपा’. ते एल्स्विकला जात होते ते शंभर टनी तोफ आणण्यासाठीच! ती तोफ इटलीत उतरवून घेण्यासाठी यारीही एल्स्विकनेच पुरविली. १६० टन उचलणारी याच घराण्यातली एक यारी १८८० नंतरच्या दशकात व्हेनिसच्या प्राचीन आरमारी गोदीत उभारण्यात आली आणि ती तेथे आजही उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बळाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. मनुष्याला जे जे घडविता येईल ते ते उचलताही येईल, अशी स्थिती प्राप्त झाली.

परंतु बळ म्हणजे सर्वस्व नव्हे. याची प्रचीती मुंबईला १९४४ साली फार भयंकर रीतीने आली. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची आगबोट इंग्लंडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. तिच्या पोटात सुमारे १३९५ टन स्फोटक युद्धसामग्री होती. त्याच्याच जोडीला विमाने व सोन्याच्या विटा होत्या; आणि कराचीस त्यात कापसाच्या सुमारे ८७०० गाठी व वंगणाच्या तेलाची पिंपे यांची भर पडली होती. दारूगोळा व कापूस शेजारी शेजारी ठेवू नये, हे समजावयास मोठे शास्त्र लागत नाही. परंतु युद्धकाळातील जागेची टंचाई आणि घाई यांपुढे शहाणपण हरले. धोक्याचा इशारा देणारा लाल बावटाही बोटीवर चढविलेला नव्हता.

१४ एप्रिल रोजी दुपारी कापसाच्या कोठ्यातून धूर निघताना दिसला. बंब आले, पाण्याचे झोत सुरू झाले. परंतु बोट जागीच बुडवावी की गोदीबाहेर ओढून न्यावी, याचा निर्णय कोणी करावयाचा हेच ठरेना. तिची यंत्रे दुरुस्तीसाठी खोललेली, त्यामुळे ती स्वतःच्या बळाने हलू शकत नव्हती. अधिकारी अनेक, अखेरचा शब्द मात्र कोणाचाच नाही! चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारी उभ्या असलेल्या सुमारे चार हजार टनांच्या ‘जलपद्म’ या आगबोटीचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन आदळला. जे कोणत्याही यारीला साधले नसते, ते एका क्षणात अविवेकाने साधले. मृतांची संख्या आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते, आणि म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदी पुन्हा चालू करण्यासाठी सुमारे आठ हजार माणसे सात महिने खपत होती. अखेर ढिगारे उपसण्याचा भार पुन्हा मनुष्याच्याच खांद्यावर आला.

आता तोलाचा प्रश्न. युद्धानंतरच्या काळात माल हाताळण्याची रीतच पालटली. सुटे पोते, पेटी, पिंप यांऐवजी सर्व माल एकाच मापाच्या लोखंडी कंटेनरांत भरून ते उचलण्याची पद्धत १९५६ साली अमेरिकेत सुरू झाली. व्हिएतनामच्या युद्धात सायगावच्या बंदरात सामानाची भयंकर कोंडी झाली, तेव्हा अमेरिकन लष्कराने १९६७ पासून कॅम रान उपसागरात याच पद्धतीचा आश्रय घेतला. परंतु या सोयीतून एक नवी गैरसोय जन्मास आली. कंटेनर वाहणाऱ्या पुष्कळ जहाजांवर स्वतःची यारी नसते. ती बंदरावरच्या यारीवर विसंबतात. शत्रूने बंदर उद्ध्वस्त केले, किंवा मुळात बंदरच नसले, तर काय करावयाचे? यावर उपाय म्हणून अमेरिकन आरमाराने जहाजांवरच प्रचंड याऱ्या बसविल्या. त्यांतले पहिले ‘कीस्टोन स्टेट’ हे जहाज १९८४ साली दाखल झाले.

उघड्या समुद्रात मात्र या याऱ्यांची गाठ निसर्गाच्या एका जुन्या नियमाशी पडली. दोराला टांगलेला बोजा म्हणजे घड्याळाचा लंबकच होय. लंबकाच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ बोजाच्या वजनावर अवलंबून नसून दोराच्या लांबीवर अवलंबून असतो. पंचवीस मीटर लांबीच्या दोराला टांगलेला बोजा सुमारे दहा सेकंदांत एक हेलकावा पुरा करतो. आणि समुद्रावरील मोठ्या लाटाही पुष्कळदा साधारण तेवढ्याच अंतराने येतात. झोक्यावर बसलेल्या मुलाला प्रत्येक खेपेस बरोबर वेळेवर ढकलावे, म्हणजे झोका चढत जातो. तद्वत लाट मागून लाट यारीला ढकलते आणि वीस टनांचा कंटेनर झुलू लागतो. त्यात दारूगोळा असेल तर खाली उभ्या असलेल्या मनुष्याची अवस्था काय होत असेल, हे सांगावयास नको.

या अडचणीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील जेम्स अल्बस व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात एक मार्मिक तोडगा काढला. संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाचे साह्य या कामास होते. त्यांच्या यंत्राला ‘रोबोक्रेन’ असे नाव मिळाले. त्याचे तत्त्व असे. एकाच दोराला टांगलेली वस्तू चारी दिशांना झुलते आणि स्वतःभोवती गरगरतेही. परंतु तीच वस्तू एका त्रिकोणी फळीस बांधून, ती फळी वरच्या तीन बिंदूंपासून तिरप्या उतरणाऱ्या सहा दोरांनी टांगली, तर जोपर्यंत सहाही दोर ताणलेले आहेत तोपर्यंत तिला हलावयास वावच उरत नाही. ती जणू लोखंडी कांबीवर बसविल्यासारखी स्थिर राहते. सहा दोरांना सहा निरनिराळे रहाट असतात, आणि कोणता दोर किती सोडावा व किती ओढावा याचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करतो. त्यामुळे बोजा वर-खाली करता येतो, पुढे-मागे नेता येतो, इतकेच नव्हे तर हवा तसा कलवून ठेवताही येतो. हायड्रॉलिक जॅकच्या बोटांत जे कसब होते, ते येथे गणिताच्या रूपाने यंत्रात उतरले.

यापुढचे पाऊल म्हणजे मनुष्याला यारीच्या जवळून दूर नेणे. हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात १९९३ साली सुरू झालेल्या एका धक्क्यावर कंटेनर वाहणाऱ्या गाड्या चालकाविना धावू लागल्या आणि ते रचून ठेवणाऱ्या याऱ्याही आपोआप चालू लागल्या. स्फोटक सामग्रीच्या बाबतीत या सुधारणेचे मोल विशेष आहे. जेथे चूक झाली असता शेकडो प्राण जावयाचे, तेथे मुळात मनुष्यच उभा नसेल तर ती केवढी मोठी गोष्ट होय!

‘रोबो’ हा शब्द ज्या ‘रोबोट’ शब्दावरून आला तो चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या एका नाटकातून जगभर पसरला. त्याचे मूळ ‘रोबोता’ या चेक शब्दात असून त्याचा अर्थ वेठ, म्हणजे धन्यासाठी सक्तीने करावयाचे काम, असा आहे. ग्दान्स्कच्या चाकात चालणारे मजूर, इंकरमनच्या चढावर तोफा ओढणारे शिपाई आणि मुंबईच्या गोदीत ढिगारे उपसणारे हात यांचे स्मरण केले, म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे हे पटते. मनुष्याच्या मानेवरची वेठ यंत्राने आपल्या मानेवर घेतली, हा या इतिहासातला खरोखर समाधानाचा भाग आहे.

परंतु या समाधानाला एक सीमा आहे. यारीला बळ मिळाले ते पाण्यापासून, तोल मिळाला तो गणितापासून. कापसाच्या गाठींशेजारी दारूगोळा ठेवावा की नाही, बोटीवर लाल बावटा चढवावा की नाही, आणि धूर दिसू लागल्यावर अखेरचा शब्द कोणी उच्चारावा, हे ठरविण्याचे काम मात्र कोणत्याही पाण्याच्या दाबाने अथवा दोरांच्या हिशेबाने उरकत नाही. यंत्र जितके समर्थ आणि जितके आज्ञाधारक, तितकी आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी अधिक. व्हिक्टोरिया गोदीतील त्या दुपारी माणसांना उणीव पडली ती बोजा उचलणाऱ्या सामर्थ्याची नव्हे. तो निर्णयाचा भार होता. तो उचलण्यास मात्र वेळेवर कोणी पुढे आले नाही.